निमगडे सरांची जीभ

आमच्या ज्युनिअर कॉलेजात कोणी नवीन सर किंवा बाई रुजू झाल्या की निमगडे सर चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत विचारायचे, "तुमच्या घरी जिभेले काय म्हणते?" नाव नाही, गाव नाही, लेकरंबाळं किती ते नाही. आधी जीभ. एकदा भौतिकशास्त्राला पार तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याचा एक पोरगेलासा मास्तर आला. तो बिचारा दचकलाच. त्याला वाटलं, आपल्या मराठीची खोडी काढून राह्यले. म्हणाला, "जीभच म्हणतो, सर." सर म्हणाले, "ते शाळेत. घरी, मायपाशी?" पोरगा हळूच म्हणाला, "नालुक." सर खूश! "नालुक! वा, वा. अन् इकडे भामरागडच्या बाजूले वंजेर. बसा जी, चहा घ्या." झाली ओळख. त्या पोराचं खरं नाव सरांना पुढे कितीतरी दिवस ठाऊक नव्हतं. ते त्याला नालुकसरच म्हणायचे, आणि मग आम्हीही म्हणायला लागलो.

मूलसारख्या गावात, जिथं माणसं भाताचा भाव आणि राइस मिलचा भोंगा यावर दिवस काढतात, तिथं हे असलं खूळ कोणाला पेलणार? प्राचार्य म्हणायचे, निमगडे इंग्रजी चांगलं शिकवतात, डोकं तेवढं फिरलेलं आहे. मीही तेच म्हणायचे. मी भूगोलाची. घर त्यांच्या शेजारी, मध्ये एक कुडाचं कुंपण. त्यामुळे सरांचं फिरलेलं डोकं मला कॉलेजातही आणि घरीही, दोन्हीकडे सोसावं लागायचं.

त्यांच्या तावडीत मी सापडले ती नकाशामुळे. एक दिवस दारात उभे. "बाई, युरोपचा नकाशा देता का? मोठावाला." मी म्हटलं, "इंग्लिशच्या तासाले नकाशा काऊन लागते तुमाले?" त्यांनी टेबलावर नकाशा पसरला आणि पार पश्चिमेच्या टोकाला, जिथून पुढे नुसता समुद्र, तिथं बोट ठेवलं.

"हे आयर्लंड. हे वेल्स. इथी ज्या जुन्या बोल्या आहेत ना, त्या साऱ्या बहिणी-बहिणी. केल्टिक म्हणते त्याहिले. आयर्लंडवाला जिभेले त्यांगा म्हणते, वेल्सवाला तावोद म्हणते. आता सांगा, या दोघींची माय काय म्हणत होती?"

"मले काय माहीत? मी काय तिच्या बाळंतपणाले गेलो होतो?"

सर इतके हसले की तोंडातली सुपारी माझ्या फ्रान्सवर उडाली. मी तो नकाशा पुसला आणि त्यांना दोन शब्द ऐकवले. त्यांना काही फरक पडला नाही. "कोणालेच माहीत नाई, बाई. तिनं काही लिहून ठेवलं नाई, ती होती तवा लिहिणंच नोहतं. पण काढता येते."

कसं काढता येतं, ते त्यांनी सांबारवडीवरून सांगितलं. समजा दोन बहिणी आहेत. माय केव्हाचीच गेली. दोघीही छातीठोक सांगतात, मी मायच्या हातची सांबारवडी करतो. एकीच्या वडीत खसखस, दुसरीच्या वडीत खोबरं. सांबार, म्हणजे कोथिंबीर, मात्र दोघीही सारखाच बारीक चिरतात, आणि वडी दोघीही सारखीच दुमडतात. मग जे सारखं ते मायचं. जे वेगळं, त्याचा माग काढायचा. कोणाचं सासर कुठलं, कोणाच्या सासूनं काय शिकवलं. असं मागे मागे जात राहिलं की मायच्या हातची वडी डोळ्यापुढं येते. खाता येत नाही, पण येते.

असा काढलेला शब्द लिहिला की त्याच्या डोक्याशी एक चांदणी काढायची रीत आहे म्हणे. चांदणी म्हणजे हा शब्द कोणी ऐकलेला नाही, कुठं लिहिलेला सापडला नाही, हा आपला अंदाज. सरांनी ही चांदणी पुस्तकातून काढून संसारात आणली होती. "पगार एक तारखेले होईल, चांदणी लावून सांगतो." "प्राचार्य रजा देतील, चांदणी." वर्गात पोरांनी ठोकून दिलेली उत्तरं आली की म्हणायचे, "चांदणी लाव बापा त्याच्यावर, अन् बस खाली." खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं. जे पक्कं नाही ते पक्कं म्हणून सांगितलं तर त्यांना रात्री अन्न पचायचं नाही.

तर त्या जुन्या मायचा शब्द निघाला होता तंग्वात. हा काही सरांनी शोधलेला नाही, तिकडच्या मोठ्या पंडितांनी काढलेला. सरांना तो सापडला नागपूरला, बर्डीच्या फुटपाथवर, शिकत असताना घेतलेल्या एका जुन्या पुस्तकात. पण त्यात एक खोट होती, आणि त्या खोटीनं सरांचं आयुष्य खाल्लं. आपली जिव्हा, इंग्रजांची टंग, रोमवाल्यांची लिंग्वा आणि ही तंग्वात, सगळ्यांची आजी एकच. पण आजीकडून नियमानं उतरायचं तर केल्टिकच्या शब्दात सुरुवातीला 'द' पाहिजे. तिथं 'त' आहे. "हा 'त' आला कुठून, बाई?" हे ते मला कुंपणावरून विचारायचे, मी कपडे वाळत घालत असताना. पंडितांची मतं वेगवेगळी होती. सरांना एकही पटत नव्हतं.

त्यांचं स्वतःचं मत त्यांना जंगलात सापडलं. आमचा एनएसएसचा कॅम्प हेमलकशाच्या अलीकडे एका गावात होता. पोरं रस्ता करत होती, सर गावातल्या म्हाताऱ्यांमध्ये बसले होते. बसायची त्यांची एक पद्धत होती. आधी खर्र्याची पुडी काढायची. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटलेला. ती पुडी मध्ये ठेवायची, एक चिमूट आपण घ्यायची, मग सगळ्यांपुढं सरकवायची. आमच्या इकडे रामराम-जयभीमच्या आधी खर्रा. पुडी पुढं न करणाऱ्या माणसाशी कोणी दोन शब्दांच्या वर बोलत नाही. "खर्रा आपण नाई खाल्ला अन् नुसता त्याहिले देला, तं त्याहिले वाटते सायेब आला," सर सांगायचे. सायेब व्हायचं नाही म्हणून ते प्रत्येक अंगणात खायचे. गावोगाव, वर्षानुवर्षं, एकेका शब्दासाठी एकेक चिमूट.

त्या दिवशी एक म्हातारा जंगलातली गोष्ट सांगत होता. अर्धा तास सांगितली, त्यात एकदाही वाघ म्हणाला नाही. 'तो' म्हणे, 'मोठा' म्हणे. सरांनी विचारलं, "नाव काऊन नाई घेत?" म्हातारा म्हणाला, "नाव घेतलं का तो आयकते." 

परतताना जीपमध्ये सर वेड्यासारखे बोलत होते. "बाई, हेच! ज्याचा भेव वाटते, ज्याचा लई मान ठेवा लागते, त्याचं नाव माणूस सरळ घेत नाई. मोडते, वाकवते. जीभ का लहान गोष्ट आहे? जिभेनं शाप देता येते, शपथ घेता येते. त्या लोकाहिनं मुद्दाम तिचं नाव वाकवलं असंन. 'द' चा 'त' केला असंन!" मग लगेच म्हणाले, "चांदणी."

मी म्हटलं, "वाघाचं नाव घ्यायचं नाई अन् बायकोचंही नाई. तुमी वहिनीले काय म्हणून हाक मारता?"

सर खिडकीबाहेर बघायला लागले. पुढं बसलेला नालुकसर हसला.

खरी गोष्ट अशी की ते वहिनींना हाकच मारत नव्हते. वहिनींचं नाव उमा. ते मला वहिनींच्या बहिणीकडून कळलं, कारण त्या घरात ते कोणी घेत नव्हतं. सर दारात आले की खोकायचे. पाणी हवं तर एकदा, जेवण वाढायचं तर दोनदा, आणि चष्मा सापडत नसेल तर दम लागेपर्यंत. वहिनीही त्यांचं नाव कशाला घेतील! 'अवो' आणि 'आयकलं का' एवढ्यावर त्यांचा संसार उभा होता. जगातल्या सगळ्या भाषांतल्या जिभांची नावं ज्याला पाठ, त्याला घरातलं दोन अक्षरांचं नाव घेववत नव्हतं. मी चिडवायचे, ते लाजायचे. एवढा मोठा बाप्या माणूस कानापर्यंत लाल व्हायचा.

मग गुपचुपवाल्याच्या गाडीची गोष्ट झाली. निकालाच्या दिवशी आम्ही सगळे स्टाफचे लोक बसस्टँडजवळ गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, खायला गेलो. प्रत्येकाच्या हातात द्रोण. सरांनी गुपचुप उचललं आणि ते तोंडात जाईना. तोंडच तेवढं उघडेना. त्यांनी ते दातांनी फोडून खायचा प्रयत्न केला, पाणी शर्टावर सांडलं. सगळे हसले. मीही हसले. सर म्हणाले, "तोंड लहान झालं वाटते बापा," आणि द्रोण बाजूला ठेवला.

त्यानंतर मला दिसायला लागलं. जेवणाचा डबा उघडला की ते मिरचीची फोड बाजूला काढत. चहा गार करून पीत. एका बाजूनं बोलत. मी विचारलं तर म्हणाले, "चुना जास्त होऊन राह्यला. ठेलेवाला बदलवतो." हे फक्त आमच्याच मुलखातला माणूस म्हणू जाणे! तोंड जळतंय, जीभ जाड झालीय, जखम भरत नाही, तर दोष चुन्याचा. इथं गल्लोगल्ली असेच चुन्याला नावं ठेवत लोक सरणावर गेले. सरांनी ठेलेवाला बदलला, चुना कमी करायला सांगितला आणि पुडी चालू ठेवली. बंदी आहे म्हणे खर्र्याला. आग लागो त्या बंदीला आणि त्या पन्नीला. जिथं पाहिजे तिथं मिळतो.

नागपूरच्या डॉक्टरनं फार घोळवलं नाही. कॅन्सर. जीभ जवळजवळ सगळी काढावी लागेल. काढली तर आशा आहे, नाही काढली तर नाही.

सर घरी परत आले आणि म्हणाले, नाही.

"जीभ देऊन जगू कायले, बाई? मंग मी कोण?"

मी त्यांच्याशी भांडले. शेजारधर्म, वयाचा मान, सगळं बाजूला ठेवून भांडले. म्हटलं, "तुमी कोण ते तुमच्या बायकोले विचारा. तिचं जिभेशी लग्न नाई लावून देलं." वहिनी चौकटीत उभ्या होत्या. पदराचं टोक दातात धरून. नवरा जगेल की मरेल हे त्यांच्यासमोर ठरत होतं आणि त्यांना त्यात बोलायची सवय नव्हती. त्यांच्याकडे बघून मला रडू आलं. मी तशीच उठून घरी आले.

तीन-चार दिवस मी गेले नाही. मग एका दुपारी राहवेना, आंबील घेऊन गेले. अंगणात खिडकीच्या गजाला दाढीचा आरसा टांगलेला. समोर सर उभे. तोंडाच्या फटीतून चहाचा चमचा आत घालून त्यांनी जीभ खाली दाबून धरली होती आणि एकेक अक्षर म्हणून बघत होते. दुखत असणार, डोळ्यांतून पाणी येत होतं. मला बघून त्यांनी चमचा काढला.

"बसा. त, थ, द, ध, साफ गेले. ट-ठ गेले. च-ज नाई. र नाई, ल नाई. क-ग अर्धवट." जणू पेपर तपासत होते. "माहं नाव मनोहर. त्याच्यातला म वाचते, बाकी वाहून जाते. भात म्हणाले गेलो तं भा. पाणी म्हणाले गेलो तं पा."

"अन् मंग राह्यलं काय?" मी विचारलं. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटत होतं.

"ओठाचं राह्यते. प, फ, ब, भ, म. ओठ कोणी कापून नाई राह्यलं." 

तेवढ्यात वहिनी माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. पुन्हा चमचा आत घातला, जीभ दाबली. ओठ गोल केले, मिटले, उघडले.

"उमा."

स्पष्ट आलं. अख्खं. वहिनी जागच्या जागी थांबल्या. इतक्या वर्षांत त्या घरात हे नाव पहिल्यांदा आलं होतं, आणि तेही परक्या बाईसमोर. त्यांच्या तोंडून कसंबसं निघालं, "काय म्हणून राह्यले तुमी?"

सरांनी चमचा काढला. "पूरं येते," ते म्हणाले. "जीभ लागतच नाई त्याले." आणि चमचा पुसून खिशात ठेवला. मग मला म्हणाले, "बाई, नागपूरची गाडी सकाळी किती वाजता असते?"

काढली जीभ. सर घरी आले ते निम्मे होऊन. गळ्यावर शिवण, नाकात नळी. पुढं नळी निघाली, वहिनी चमच्यानं पेज भरवायला लागल्या. पोरं भेटायला यायची, सरांसमोर रडायची आणि बाहेर पानठेल्यावर जाऊन पुडी घ्यायची. मी दोघांच्या कानाखाली काढल्यासुद्धा. काय उपयोग?

कॉलेजनं त्यांना स्नेहसंमेलनाला पाहुणे म्हणून बोलावलं. चांगल्या मनानं बोलावलं असेल, पण कोणाच्या तरी डोक्यात आलं आणि माइक सरांच्या पुढं धरला गेला. सर उठले. हजार पोरं शांत. सरांनी माइककडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, तोंड उघडायला लागले आणि मिटलं. हात जोडले आणि बसले. टाळ्या खूप पडल्या. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते.

पण घरी ते बोलायचे. एकच शब्द. सकाळपासून कुंपणापलीकडून यायला लागायचं, उमा. पाणी हवं, उमा. ऊन आलं, खाट सरकवायची, उमा. काही नको असलं तरी उमा. खोकणं पार बंद झालं. पहिल्या पहिल्यांदा वहिनी मेल्याहून मेल्यासारख्या व्हायच्या, "लोक आयकते ना जी!" म्हणायच्या. लोक ऐकतच होते. गल्लीतली नवी सून मला म्हणाली, आमच्या घरी असं कोणी हाक मारत नाही. हळूहळू वहिनी सरावल्या. चुलीपुढून, न्हाणीतून, जिथं असतील तिथून उत्तर द्यायच्या, "हाव जी." मी कपडे वाळत घालताना ऐकायचे. त्या 'त' चं काय झालं, असं विचारणारं आता कोणी नव्हतं, आणि मला त्याची इतकी आठवण येईल असं कधी वाटलं नव्हतं. एकदा मीच कुंपणावरून विचारलं, "सर, त्या 'त' चं काही लागलं का?" त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि हसले.

वर्षही धड गेलं नाही. मानेत गाठ आली. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. श्वास कोंडायला लागला म्हणून गळ्याला भोक पाडून नळी बसवली. त्या नळीनं श्वास खालूनच ये-जा करतो, तोंडापर्यंत येत नाही. म्हणजे जो एक शब्द वाचला होता तोही गेला. आता कुंपणापलीकडून काही येईना. नुसती नळीची घरघर. ती शांतता मला सहन व्हायची नाही. मी रेडिओ लावून कामं करायचे.

सर गेले त्याच्या चार-दोन दिवस आधी सकाळी मी त्यांच्याकडे गेले होते. थंडीचे दिवस. खाट उन्हात घातलेली. सर उशीला टेकून होते, अंगावर वहिनींचंच जुनं लुगडं शिवून केलेली वाकळ. माणूस उरलाच नव्हता, डोळे तेवढे होते. मी खाटेशेजारी खुर्ची ओढून बसले आणि काहीतरी बोलत राहिले, नालुकसरची बदली झाली, बारावीचा निकाल बरा लागेल. चांदणी म्हणायचं माझ्या तोंडात आलं आणि मी गिळलं.

वहिनी नळावर होत्या, आमच्याकडे पाठ. नळ आलेला, खाली तांब्याचा गुंड, पाण्याचा मोठा आवाज. सरांची नजर त्यांच्या पाठीवर होती. त्यांचे ओठ हलले. गोल झाले, मिटले, उघडले. आवाज नाही. नळीतून नुसती हवा. वहिनींना कसं कळणार? थांबून, दम घेऊन त्यांनी पुन्हा तसेच ओठ हलवले. पुन्हा. घाई अशी काही नव्हती त्यांच्या चेहऱ्यावर. पाठ वळेल म्हणून वाट बघत होते.

मी वहिनी म्हणून हाक मारू शकले असते. तीस वर्षं तेच म्हणत आले होते. पण माझ्या तोंडून ते निघालं नाही. शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात मी ओरडले,

"उमा!"

"हाव जी, आलो," वहिनी पाठमोऱ्याच म्हणाल्या. गुंड भरून वाहत होता, तो तसाच टाकून पदराला हात पुसत त्या आल्या आणि सरांच्या खाटेवर, त्यांच्या उशाशी बसल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.